ईएसआयचा दवाखाना घराजवळ बदलून घेताना

राहायला दिव्याला, काम महापे एमआयडीसीत, आणि ईएसआयच्या, म्हणजे पगारातून कपात होऊन उपचार देणाऱ्या कामगार विमा योजनेच्या, कार्डावर दवाखाना अंधेरीचा, कारण ठेकेदाराचं ऑफिस तिथे. तापलेलं पोर घेऊन कोण जाणार एवढ्या लांब? लोक मग गल्लीतल्या डॉक्टरला खिशातून पैसे देतात आणि पगारातली कपातही सोसतात.

महिना 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलं (दिव्यांगांना 25,000) की तुम्ही पात्र. कामगाराचा वाटा 0.75 टक्के, मालकाचा 3.25. म्हणजे 18,000 वर तुमचे 135 रुपये.

दवाखाना ठरतो तो नोंदणीच्या वेळी, आणि तो बहुतेकदा एचआरवाला भरतो. त्या अर्जात दवाखान्याचे रकाने दोन असतात, एक कामगारासाठी, एक कुटुंबासाठी. घाईत दोन्हीकडे एकच नाव पडतं. बायको-मुलं गावी राहत असतील तर ‘सोबत राहतात का’ या प्रश्नाला सरसकट ‘हो’ लिहू देऊ नका. यादीत ईएसआयच्या दवाखान्यांबरोबर पॅनलवरचे खासगी डॉक्टरही असतात. तेही पाहा, एखादा घराजवळ निघतो. बदलासाठी एचआरकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ते टोलवत राहिले तर ईएसआयचं शाखा कार्यालय.

गाडी अडते पत्त्याच्या पुराव्यावर. आधारवर गावचा पत्ता, आणि इथला भाडेकरार साध्या कागदावर. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार नोंदवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. चाळीच्या मालकाला हे ऐकवून पाहा म्हणजे कळेल! तरी मागे लागाच. नोंदणीकृत करार हातात आला की आधारवरचा पत्ताही बदलता येतो.

दुसरा घोळ 78 दिवसांचा. ‘अजून 78 दिवस भरले नाहीत, औषध मिळणार नाही’ असं नव्या कामगाराला सांगून परत पाठवल्याचं वारंवार कानावर येतं. वर्गणीचे इतके दिवस भरण्याची ही अट आजारपणाच्या रोख भत्त्याची आहे. उपचार स्वतःला आणि कुटुंबाला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मिळतात.

ठेकेदार बदलला की जुना दहा आकडी विमा क्रमांकच द्या. तो जन्मभर एकच असतो. नवा काढला की भरलेले दिवस दोन खात्यांत विभागले जातात आणि भत्त्याच्या वेळी कुठेच पुरे पडत नाहीत. क्रमांक वहीत लिहून ठेवा, एचआरच्या भरवशावर राहू नका.

पेहचान कार्डावर, म्हणजे ईएसआयच्या ओळखपत्रावर, कुटुंबाचा फोटो लावा. नावांचं स्पेलिंग आधारशी जुळतंय का, तेही तपासा.

आणि पगारवाढीचं. ऑगस्टमध्ये वेतन 21,000 च्या वर गेलं तरी 30 सप्टेंबरपर्यंत वर्गणी भरावीच लागते, कारण वर्गणीचा काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असा मोजतात. काही कंपन्या वाढीच्या महिन्यापासूनच कपात बंद करतात. हातात चार पैसे जास्त आले म्हणून गप्प बसू नका, त्याच महिन्यात विचारा.