हाडातली प्रथिने पेशींना बोलावतात का? एका चाचणीची पार्श्वभूमी

१९६५ साली लॉस एंजेलिसमध्ये मार्शल युरिस्ट यांनी हायड्रोक्लोरिक आम्लाने हाडातले खनिज काढून टाकले आणि उरलेले मऊ आधारद्रव्य प्राण्यांच्या स्नायूत बसवले. स्नायूत नवे हाड तयार झाले. मात्र पेशी तिथे चालत आल्या, की जवळच्याच पेशी वाढून बदलल्या, हे त्यावरून ठरत नव्हते.

ते ठरवण्याचे साधन आधीच होते. १९६२ मध्ये ऑस्ट्रेलियात स्टीफन बॉयडन यांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशींसाठी दोन कप्प्यांची कुपी बनवली होती: वर पेशी, खाली द्रावण, मध्ये सच्छिद्र पडदा. अडचण होती ती हाडातली प्रथिने विरघळवण्याची. १९८१ मध्ये कुबेर संपत आणि हरी रेड्डी यांनी खनिजविरहित हाडातली प्रथिने ४ मोलर ग्वानिडीन हायड्रोक्लोराइड या प्रथिने विरघळवणाऱ्या रसायनाने बाहेर काढली. नुसता अर्क किंवा नुसते उरलेले कोलॅजन रोपले तर हाड होईना; दोन्ही पुन्हा एकत्र केले की होई. आता अर्क खालच्या कप्प्यात घालून पाहता येऊ लागला. मात्र ग्वानिडीन डायलिसिसने (सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून धुऊन) पुरते काढावे लागते, नाहीतर पेशीच मरतात.

हाड घडवणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशींसाठी साधारण ८ मायक्रॉन छिद्रांचा पॉलिकार्बोनेट पडदा घेतात आणि त्यावर कोलॅजनचा लेप देतात. पेशी आधी सीरमशिवाय ठेवाव्या लागतात, कारण सीरममधली (रक्तद्रवातली) पीडीजीएफ आणि फायब्रोनेक्टिन ही प्रथिने स्वतःच पेशींना ओढतात. पेशी भांड्यापासून सुट्या करायला वापरलेले ट्रिप्सिन हे विकर जास्त वेळ राहिले तर पेशींच्या पृष्ठभागावरचे ग्राही (संकेत पकडणारी प्रथिने) कापले जातात. पडद्याखाली हवेचा बुडबुडा अडकला तर तेवढ्या भागात द्रावण पोचत नाही. ३७ अंशांवर काही तास ठेवून वरच्या बाजूच्या पेशी खरवडायच्या, खालच्या रंगवून मोजायच्या. चाचणी दिवसभर लांबवली तर आलेल्या पेशी विभागू लागतात आणि आकडा फुगतो.

सर्वांत मोठी फसगत वेगळीच आहे. प्रथिनामुळे पेशी नुसत्या चंचल होऊन वाटेल तिकडे फिरल्या, तरी काही खाली उतरतातच. म्हणून १९७३ मध्ये झिग्मंड आणि हर्श यांनी दाखवलेली पद्धत आजही टाळू नये: प्रथिनाच्या वेगवेगळ्या मात्रा वर आणि खाली, दोन्हीकडे घालून तपासायच्या. दोन्हीकडे सारखी मात्रा असतानाही पेशी तितक्याच उतरल्या, तर ते आकर्षण नव्हे. मात्रा फार वाढवली की ग्राही भरून जातात आणि प्रतिसाद घटतो, त्यामुळे एकाच मात्रेवरून प्रथिन निकामी ठरवू नये.

मुंबईत पावसाळ्यात आणखी एक काळजी. फ्रीजमधली सुक्या प्रथिनाची कुपी लगेच उघडली तर आत दव धरते. ती डेसिकेटरमध्ये खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी.

शहराला या चाचणीचे महत्त्व आहेच. इथल्या टाटा मेमोरियल या कर्करोग रुग्णालयाची ऊतिपेढी १९८८ पासून गोठवून सुकवलेली, गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेली कलमे (रुग्णात बसवायचे हाडासारख्या ऊतींचे तुकडे) तयार करते. या कामासाठी किरणांची प्रचलित मात्रा २५ किलोग्रे (शोषलेल्या किरणांचे एकक) आहे. किरणांनी जंतू मरतात, पण प्रथिनेही मोडू शकतात. म्हणून किरणे दिलेल्या हाडाच्या भुकटीचा अर्क या चाचणीत तपासताना तुलनेसाठी शेजारच्या कप्प्यात त्याच दात्याच्या, किरणे न दिलेल्या हाडाचा अर्क हवा.