लसणीचा अर्क ‘फक्त वाईट जंतू’ मारतो?

“वासराला हगवण लागली की लसूण ठेचून पाजा, वाईट जंतू मरतात, चांगल्यांना धक्का लागत नाही.” हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. आधाराला जंतू वाढवलेल्या काचेच्या थाळीचा फोटो असतो: अर्कात भिजवलेली कागदाची टिकली आणि भोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ कडं.

कडं खरंच पडतं. लसूण ठेचली की अ‍ॅलिसिन हे द्रव्य तयार होतं आणि ते ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूलाही रोखतं. पण थाळीत टिकलीजवळ अर्क दाट असतो. हाच उपाय मोठ्या गाईला केला, तर तिच्या कोटीपोटात, म्हणजे चारा आंबवणाऱ्या मोठ्या पोटात, शंभरएक लिटर आंबोण घुसळत असतं. तिथे चार पाकळ्यांचा रस म्हणजे विहिरीत चमचाभर हळद. त्यात अ‍ॅलिसिन मुळातच टिकाऊ नाही.

बरं, मात्रा वाढवली तर? मग निवड कोण करणार? अ‍ॅलिसिनला जंतूंची जातकुळी कळत नाही. कडब्यातला तंतू पचवणारे जंतूही त्याच पोटात असतात. ते दबले की वैरण पचत नाही, दूध घटतं.

युरोपीय संघाने 2006पासून जनावरांच्या वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं घालण्यावर बंदी आणली, तेव्हापासून वनस्पती-अर्कांवर संशोधन वाढलं. ते फोल नाही. पण ‘खाद्यपूरक’ वेगळं आणि ‘औषध’ वेगळं, आणि घोळ नेमका इथेच होतो.

शिवाय हगवणीत वासरू बहुतेकदा दगावतं ते शरीरातलं पाणी आणि क्षार गेल्याने. डोळे खोल गेले, मानेची चिमटीत धरलेली कातडी पटकन बसली नाही, तर आधी क्षार-साखरेचं पाणी आणि लगेच पशुवैद्यक. खलबत्ता नंतर.