पार्श्वभूमी : ब्रेव्ह्ज गेले, जिमी राहिला

बॉस्टनच्या फेनवे पार्क मैदानात कित्येक वर्षं जाहिरातीची एकच पाटी होती. बॉस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाचे मालक टॉम यॉकी यांना मैदानातल्या जाहिराती खपत नसत. डावीकडच्या उंच भिंतीवरच्या साबण-ब्लेडच्या जाहिराती काढून त्यांनी १९४७ मध्ये ती अख्खी भिंत हिरवी रंगवली. उजव्या बाजूला मात्र पुढे एक पाटी लागली आणि टिकली. ती होती ‘जिमी फंड’ची, म्हणजे लहान मुलांच्या कॅन्सरवरील संशोधनासाठी आणि उपचारांसाठी पैसे जमवणाऱ्या निधीची. व्यावसायिक संघाने समाजासाठी काय करावं हा विषय अमेरिकेत निघाला की रेड सॉक्सचं नाव हमखास येतं ते या निधीमुळे. गंमत अशी, की हे काम मुळात रेड सॉक्सचं नव्हतंच. गावातल्या दुसऱ्या संघाने, बॉस्टन ब्रेव्ह्जने, ते जाता जाता त्यांच्या हवाली केलं.

सुरुवात होते ती बॉस्टनच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये. डॉ. सिडनी फार्बर हे तिथले पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे एरवी मुलं गेल्यानंतर तपासणी करणारे डॉक्टर. रक्ताच्या कॅन्सरवर तेव्हा इलाजच नव्हता. निदान झाल्यावर मूल काही आठवडे, फार तर काही महिने काढायचं. फोलिक ॲसिड दिलं की हा आजार उलट फोफावतो, असं फार्बर यांच्या लक्षात आलं. मग फोलिक ॲसिडचं काम अडवणारं औषध दिलं तर? असं औषध त्यांना मिळालं लेडर्ली प्रयोगशाळेतून. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव. आंध्रातल्या भीमवरमचे, मद्रासला वैद्यक शिकलेले. १९२३ मध्ये ते याच बॉस्टनला हार्वर्डमध्ये आले होते. शरीरातल्या फॉस्फरसवर मोलाचं काम करूनही हार्वर्डने त्यांना कायम केलं नाही. आपल्याकडे त्यांचं नाव आजही फारसं कुणाला माहीत नसतं. ते औषध म्हणजे ॲमिनोप्टेरिन. १९४७ च्या शेवटी फार्बर यांनी ते आजारी मुलांना द्यायला सुरुवात केली. सोळापैकी दहा मुलांना उतार पडला. तो टिकला नाही, पण पडला. ‘मरणाऱ्या पोरांना आणखी कशाला छळता?’ असं म्हणणारे सहकारी डॉक्टरही होते. संशोधन पुढे न्यायला पैसा हवा होता. त्यासाठी न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे बॉस्टनच्या आसपासच्या राज्यांतल्या, सिनेमा-नाट्यगृहवाल्यांचा व्हरायटी क्लब फार्बर यांच्या पाठीशी उभा राहिला.

व्हरायटी क्लब हा करमणुकीच्या धंद्यातल्या लोकांचा. नुसत्या आकडेवारीने खिशातून पैसा निघत नाही, त्याला एक चेहरा लागतो, हे त्यांना शिकवायला नको होतं. २२ मे १९४८, शनिवारची रात्र. हॉलिवूडहून राल्फ एडवर्ड्स यांचा रेडिओ कार्यक्रम देशभर ऐकला जात होता आणि त्यात थेट बॉस्टनच्या हॉस्पिटलमधल्या एका बारा वर्षांच्या मुलाशी ते बोलले. मुलाचं खरं नाव सांगायचं नाही असं ठरलं होतं. त्याला म्हणायचं ‘जिमी’. तुझा आवडता संघ कोणता? बॉस्टन ब्रेव्ह्ज. आवडते खेळाडू कोण? तो एकेक नाव घ्यायचा आणि तो खेळाडू खोलीत हजर. ब्रेव्ह्जची बरीचशी मंडळी आणि त्यांचे व्यवस्थापक बिली साउथवर्थ बाहेर उभेच होते. भेटवस्तू झाल्या, ब्रेव्ह्जचा पोशाख दिला गेला, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून बेसबॉलचं ते सर्वांना पाठ असलेलं गाणं म्हटलं. जिमीचा सूर जरा बेसूरच लागला.

मग एडवर्ड्स यांनी श्रोत्यांना सांगितलं, की वीस हजार डॉलर जमले तर जिमीला खेळ पाहायला टीव्ही मिळेल. जमले दोन लाखांहून जास्त. औषधाच्या निष्कर्षांचा फार्बर यांचा शोधनिबंध छापून यायला तेव्हा अजून बारा दिवस होते. म्हणजे वैद्यकीय जगाने वाचण्याआधीच लोकांनी पाकिटं पाठवायला सुरुवात केली होती. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले.

ब्रेव्ह्जनी त्या मोसमात अमेरिकी बेसबॉलच्या दोन लीगांपैकी एक, नॅशनल लीग, जिंकली; अंतिम मालिकेत ते क्लीव्हलंडकडून हरले. त्या वर्षी त्यांच्या मैदानात चौदा लाखांहून जास्त प्रेक्षक आले होते. १९५२ मध्ये तीन लाखसुद्धा आले नाहीत. दोन संघ पोसण्याइतकं बॉस्टन मोठं नव्हतं, आणि गावाचं प्रेम रेड सॉक्सवर. मालक लू पेरिनी यांनी १९५३ च्या मार्चमध्ये संघ मिलवॉकीला हलवला. जाताना त्यांनी यॉकींना गळ घातली, की जिमी फंड तेवढा तुम्ही सांभाळा. यॉकींनी तो सांभाळला.

पण खरा भार उचलला तो टेड विल्यम्सने. रेड सॉक्सचा हा महान फलंदाज तोंडाचा फटकळ, बॉस्टनच्या पत्रकारांशी त्याचं कायम वाकडं. कोरियातल्या युद्धात विमान चालवून १९५३ मध्ये तो परतला, तेव्हा त्याच्या स्वागताच्या मेजवानीचे पैसे जिमी फंडाला गेले. हॉस्पिटलमध्ये तो वारंवार जायचा. अट एकच : एकही बातमीदार, एकही फोटोवाला सोबत नको. आज खेळाडूच्या हॉस्पिटलभेटीत आधी कॅमेरा आत शिरतो, मागून खेळाडू. हे पाहताना ही अट हटकून आठवते. १९६० मध्ये त्याचा सख्खा भाऊ डॅनी रक्ताच्या कॅन्सरनेच गेला.

निधीचा गल्ला भरायचा तो चिल्लरीने. सिनेमागृहांत डबे फिरायचे, आणि लिटल लीगमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉल स्पर्धांत, खेळणारी पोरं आपापल्या गावात डबे घेऊन उभी राहायची. म्हणजे या कामात मुलं नुसती घेणारी नव्हती, देणारीही होती. मला या सगळ्या इतिहासातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९६७ मध्ये रेड सॉक्स अनपेक्षितपणे अंतिम मालिकेपर्यंत पोचले, तेव्हा खेळाडूंनी बक्षिसाच्या रकमेतला एका खेळाडूइतका पूर्ण वाटा जिमी फंडाच्या नावे केला. त्याच संघातला माइक अँड्र्यूज निवृत्तीनंतर निधीच्या कामाला लागला आणि पंचवीसहून जास्त वर्षं त्याने त्याची धुरा वाहिली.

या चित्राची दुसरी बाजूही आहे. ज्या यॉकींनी आजारी मुलांसाठी हात सैल सोडला, त्यांच्याच संघाने कृष्णवर्णीयांसाठी दार सर्वांत शेवटी उघडलं. १९४५ मध्ये जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला फेनवेवर चाचणीला बोलावून रिकाम्या हाती परत पाठवलं गेलं. पम्प्सी ग्रीन हा त्यांचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू रेड सॉक्सकडून खेळला तो थेट १९५९ मध्ये. सगळ्या संघांत हे शेवटचे. २०१८ मध्ये मैदानाबाहेरच्या रस्त्याचं यॉकींचं नाव काढून त्याला पुन्हा जर्सी स्ट्रीट म्हणायचं ठरलं. जिमी फंडाच्या पुण्याईने हा हिशेब मिटत नाही.

२००२ मध्ये संघाचे मालक बदलले आणि रेड सॉक्स फाउंडेशन निघालं. मदतीचा पैस त्यामुळे वाढला : बॉस्टनच्या सरकारी शाळांतल्या गरीब घरच्या हुशार मुलांना कॉलेजसाठी शिष्यवृत्ती, शहरी वस्त्यांतल्या मुलामुलींसाठी बेसबॉल-सॉफ्टबॉल. यातला दुसरा उपक्रम मूळचा लॉस एंजेलिसचा. १९८९ मध्ये जॉन यंग यांनी तो तिथे सुरू केला आणि नंतर सगळ्या लीगने उचलला. त्याच २००२ पासून जिमी फंडासाठी दरवर्षी रेडिओ आणि टीव्हीवर तासन्‌तास चालणारा देणगी-कार्यक्रमही होऊ लागला. त्या काळात संघाचे अध्यक्ष असलेले लॅरी लुकिनो हे स्वतः फार्बर यांच्या संस्थेत, म्हणजे आजच्या डॅना-फार्बरमध्ये, कॅन्सरचे उपचार घेऊन बरे झालेले.

आणि जिमी? त्याचं काय झालं हे लोकांनी गृहीतच धरलं होतं. १९४८ मध्ये कॅन्सर झालेलं मूल, ते कुठलं जगतंय! पण १९९७ मध्ये निधीच्या कचेरीत एक पत्र आलं : माझा भाऊ म्हणजेच तुमचा जिमी, आणि तो धडधाकट आहे. अँड्र्यूजचा आधी विश्वास बसेना. तपास केला तर गोष्ट खरी निघाली. आयनर गुस्ताफसन, मेन राज्यातल्या न्यू स्वीडन गावचा. त्याचा कॅन्सर रक्ताचा नव्हता, आतड्यातला लिम्फोमा, म्हणजे लसिका-पेशींचा कॅन्सर, होता. बरा होऊन तो घरी गेला, मोठा झाला, ट्रक चालवू लागला, त्याला मुलं-नातवंडं झाली. आपल्या टोपणनावाने केवढा पैसा उभा राहतोय हे ठाऊक असूनही कुठे बोलला नाही. १९९८ मध्ये, त्या कार्यक्रमाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, तो लोकांसमोर आला. त्या रात्री मिळालेला पोशाख घरच्यांनी जपून ठेवला होता. त्यावर नाव अर्थातच ब्रेव्ह्जचं होतं.