जुन्या गेमची नवी किंमत

1993 मध्ये निन्टेंडोने 'सुपर मारिओ ऑल-स्टार्स' काढला, तेव्हा आधीच्या कन्सोलवरचे (टीव्हीला जोडायच्या गेम यंत्रावरचे) चार मारिओ गेम एकाच कार्ट्रिजमध्ये भरले होते. चित्रे नव्याने काढली, खेळ सेव्ह करण्याची सोय दिली आणि चौघांची मिळून किंमत लावली एका गेमची. त्याच वर्षी त्याच कंपनीचा 'लिंक्स अवेकनिंग' गेमबॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रावर आला. 2019 मध्ये त्याचा रिमेक निघाला, तो मात्र एकटाच 60 डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या कुठल्याही मोठ्या नव्या गेमच्या भावात.

मधल्या काळात जुन्या गेमची किंमत ठरवण्याची रीतच बदलली. 2006 मध्ये वी कन्सोलवर जुने गेम डाउनलोड करून विकत मिळू लागले, तेव्हा निन्टेंडोच्या पहिल्या घरगुती कन्सोलवरचा गेम साधारण 5 डॉलरला, सुपर निन्टेंडोवरचा 8 ला आणि निन्टेंडो 64 वरचा 10 ला असे. अजरामर 'सुपर मारिओ ब्रदर्स' असो की कुणाला नावही न आठवणारा गेम, भाव यंत्राच्या वयावरून ठरे. तुमचा जीव कशात अडकलाय, हे अजून कुणी विचारत नव्हते.

ते विचारायला लावले 'फायनल फँटसी 7' ने. मूळ गेम 1997 चा. 2005 मध्ये स्क्वेअर एनिक्सने प्लेस्टेशन 3 ची ताकद दाखवण्यासाठी त्याची सुरुवात नव्या ग्राफिक्समध्ये करून दाखवली. हे फक्त प्रात्यक्षिक आहे, असे सांगूनही चाहत्यांनी पुढची दहा वर्षे पिच्छा सोडला नाही. 2015 मध्ये घोषणा झाली आणि 2020 मध्ये हाती आला तो पहिला भाग, 60 डॉलरचा. मूळ गेममध्ये काही तासांत मागे पडणारे मिडगार शहर एवढाच त्याचा आवाका. 2024 चा दुसरा भाग 70 डॉलरला. 1997 मध्ये आईवडिलांकडे हट्ट करणारी मुले एव्हाना स्वतः कमावत होती, हा हिशेब कंपनीने केला नसेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

स्मरणरंजनाला पाश्चात्त्य भाषांत 'नॉस्टॅल्जिया' हा जो शब्द आहे तो मुळात एका आजाराचे नाव. योहानेस होफर या वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्याने 1688 मध्ये बाझेलला लिहिलेल्या प्रबंधात घराच्या ओढीने खंगणाऱ्यांसाठी तो घडवला. रोग्याला घरी पाठवा, हा त्याचा उतारा. गेमच्या धंद्यात गंमत अशी की घराची किल्लीही विकणाऱ्याकडेच असते.

कंपन्यांची बाजू खोटी नाही. रिमेक म्हणजे बहुतेकदा सगळे पहिल्यापासून बांधणे: मॉडेल, आवाज, कॅमेरा, नियंत्रणे. 2019 चा 'रेसिडेंट ईव्हिल 2' 1998 च्या गेमशेजारी ठेवला तर सामाईक उरते ती गोष्ट आणि पोलीस ठाणे. कधी जुना माल शाबूतही नसतो. 2012 चा 'सायलेंट हिल' चा एचडी संग्रह अपुऱ्या, अर्धवट कोडवरून उभारावा लागला आणि ते दिसलेही. पण याच युक्तिवादाची सावली रिमास्टरवर, म्हणजे जुन्याच गेमला नुसती झळाळी दिलेल्या आवृत्तीवर, धरली जाते तेव्हा खटकते. 'द लास्ट ऑफ अस' 2013 चा. 2014 मध्ये रिमास्टर 50 डॉलरला, 2022 मध्ये रिमेक 70 ला. आठवण यायला आधी थोडे विसरावे तरी लागते!

माझ्या मते खरी मेख वेगळीच आहे. रिमेकची किंमत टिकते ती बरेचदा मूळ गेम बाजारात नसल्यामुळे. अमेरिकेत 2010 पूर्वी निघालेल्या गेम्सपैकी 87 टक्के आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत, असे व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने 2023 मध्ये दाखवले. निन्टेंडोने तर 2020 मध्ये तीन त्रिमित मारिओंचा 60 डॉलरचा संच मुदत घालूनच आणला आणि 31 मार्च 2021 ला विक्री थांबवली. 2021 मध्ये 'ग्रँड थेफ्ट ऑटो' त्रयीचे नवे रूप येताना जुन्या आवृत्त्या ऑनलाइन दुकानांतून काढल्या गेल्या. नव्याचा बोजवारा उडाल्यावर ते काढणाऱ्या रॉकस्टार कंपनीला माफी मागून त्या पीसीवर परत आणाव्या लागल्या. ब्लिझार्डने तर दोन्ही टोके गाठली. 2017 मध्ये मूळ 'स्टारक्राफ्ट' फुकट करून रिमास्टर 15 डॉलरला दिला, कुरकुर फारशी झाली नाही. 2020 मध्ये 'वॉरक्राफ्ट 3' चा 30 डॉलरचा 'रिफोर्ज्ड' आणताना जुन्या गेमच्या जागीच नवा बसवला, तेव्हा ज्यांनी तो घेतलाही नव्हता तेही चिडले आणि घेतलेल्यांना पैसे परत देण्याची वेळ आली.

2024 मध्ये पहिले तीन 'रेसिडेंट ईव्हिल', 1990 च्या दशकातल्या त्याच ओबडधोबड रूपात, जीओजी या दुकानात प्रत्येकी 10 डॉलरला परतले. सरस रिमेक असताना जुने कोण घेणार, असा हे गेम काढणाऱ्या कॅपकॉम कंपनीचा आधी सूर होता. जीओजीला त्यांची समजूत काढावी लागली.