प्लेट सॉल्व्हिंग : कोकण किनाऱ्यावरील अडचणी व उपाय

दुर्बिणीतून टिपलेल्या छायाचित्रातील ताऱ्यांची मांडणी तारासूचीशी जुळवून ते छायाचित्र आकाशाच्या नेमक्या कोणत्या तुकड्याचे आहे, हे गणिताने काढण्याच्या पद्धतीस प्लेट सॉल्व्हिंग म्हणतात. उत्तरात चित्राच्या मध्यबिंदूचे विषुवांश व क्रांती (आकाशातील रेखांश-अक्षांशच म्हणा), कॅमेऱ्याचा फिरलेला कोन आणि चित्राचे प्रमाण (एका पिक्सेलमध्ये किती विकला; विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) एवढे मिळते. हे उत्तर माउंटला, म्हणजे दुर्बीण धरून फिरवणाऱ्या यंत्राला, कळवले की माउंट आपली चूक सुधारून लक्ष्य मध्यावर आणतो. हौशी छायाचित्रकाराचा पूर्वी अर्धा तास ज्यात जाई, ते काम आता काही सेकंदांत होते. ते झाले नाही, तर मात्र सगळी रात्र अडून बसते.

नावातील ‘प्लेट’ म्हणजे काचेची छायाचित्रण-पट्टी. १८८७ मध्ये पॅरिस येथे ठरलेल्या आकाश-नकाशाच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात हैदराबादच्या निजामिया वेधशाळेनेही आपल्या वाट्याचा पट्टा टिपला. अशा काचांवरील एकेक तारा सूक्ष्मदर्शकाखाली मोजून जे गणित माणसे हाताने करीत, तेच आज संगणक करतो. ॲस्ट्रोमेट्री डॉट नेट ही प्रणाली डस्टिन लँग व सहकाऱ्यांनी २०१० च्या शोधनिबंधात मांडली. ती चार-चार ताऱ्यांचे चौकोन घेते. चौघांतील सर्वांत दूरचे दोन तारे चौकट ठरवतात आणि उरलेल्या दोघांच्या जागा चार आकड्यांत लिहिल्या जातात. चित्र फिरवले किंवा लहानमोठे केले तरी हे आकडे बदलत नाहीत, म्हणून ते सूचीत शोधता येतात. हान क्लाइन यांची ॲस्टॅप ही विनामूल्य प्रणालीही ताऱ्यांच्या चौकडीच वापरते. तिच्या तारासूची २०१३ मध्ये सोडलेल्या गाया उपग्रहाच्या मोजमापांवर आधारलेल्या आहेत.

कोकणात ही पद्धत अधिक गरजेची का : ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची साधारण त्या ठिकाणच्या अक्षांशाइतकी असते. अलिबागला ती साडेअठरा अंशांच्या आसपास, रत्नागिरीला १७ आणि मालवणला जेमतेम १६. इतक्या खालच्या ताऱ्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या सुमारे साडेतीन पट हवा ओलांडून येतो, आणि ती हवा समुद्राची दमट हवा असते. शिवाय वाडीत दुर्बीण लावली तर उत्तरेला माड-पोफळी उभ्या असतातच. माउंटचा अक्ष ध्रुवाकडे वळवण्यासाठी ध्रुवतारा दिसलाच नाही, तर माउंट एका अक्षावर फिरवून तीन ठिकाणची चित्रे सॉल्व्ह करतात व त्यांवरून अक्षाची चूक काढतात. नीना या छायाचित्रणाच्या संगणक-प्रणालीत ही सोय आहे.

उत्तर दिशा शोधण्यासाठी होकायंत्रावर मात्र फार विसंबू नये. कातळसड्यांवरील जांभ्यात लोह भरपूर असते. राजापूर तालुक्यातील देवाचे गोठणे येथील सड्यावर तर कातळशिल्पापाशी होकायंत्राची सुई भरकटते, हे प्रसिद्धच आहे. (आकाश मोकळे म्हणून असे सडे निरीक्षणाला उत्तम, पण तिपाईचा पाय कातळशिल्पाच्या रेषेवर पडू देऊ नये. अंधारात त्या दिसत नाहीत, म्हणून जागा उजेडीच पाहून ठेवावी.)

निदान : सॉल्व्ह फसले की बहुतेक जण लगेच सेटिंग बदलू लागतात आणि दहा मिनिटांत मूळचे बरोबर असलेले आकडेही बिघडवून बसतात. त्याआधी एकच प्रश्न विचारावा : पहिल्यापासूनच जमत नाही, की जमत होते आणि मध्येच थांबले? पहिल्यापासून जमत नसेल तर दोष बहुधा आकड्यांत असतो. संध्याकाळी जमले आणि मध्यरात्री जमेना, तर आकडे सोडून काचेकडे व आकाशाकडे पाहावे.

काच आणि आकाश : फसलेले चित्र पूर्ण मोठे करून डोळ्यांनी पाहणे ही पहिली पायरी. त्यात निदान तीसेक तारे टिपक्यांसारखे स्पष्ट हवेत. किनाऱ्यावर रात्र चढते तसे दव पडते. तारे आधी मऊ होतात, त्यांच्याभोवती फिकट वलय येते, मग मंद तारे नाहीसे होतात. प्रणाली फक्त ‘तारे अपुरे’ म्हणते, दवाचे नाव घेत नाही. उपाय म्हणजे भिंगाभोवती उष्णपट्टी, आणि ती दव पडल्यावर नव्हे तर सुरुवातीपासून. ओली काच फडक्याने कधीही पुसू नये. खाऱ्या वाऱ्याने बसलेले क्षार व धूळ त्याच पुसण्यात ओरखडे काढतात. आधी फुंकणीने धूळ उडवावी, घरी आल्यावर ऊर्ध्वपातित पाण्याने हलकेच टिपावे.

फोकस हेही याच घरातले. तारा कडे घातल्यासारखा पोकळ दिसला, तर प्रणाली त्याला तारा मानत नाही. बाहतिनोव्ह जाळी (दुर्बिणीच्या तोंडावर लावायची फोकस तपासण्याची खाचांची चकती) लावून फोकस करावा आणि रात्री गारवा वाढला की पुन्हा तपासावा. मोकळ्या सड्यावर वारा दुर्बीण हलवतो व तारे लांबट होतात. तेव्हा एक्स्पोजर वाढवण्यापेक्षा कमी करून गेन (कॅमेऱ्यातील संकेताचे वर्धन) वाढवलेला बरा. एरवी ५ ते १० सेकंदांचे एक्स्पोजर पुरते. शीतकरण नसलेल्या कॅमेऱ्याने कोकणातील उबदार रात्री टिपलेल्या चित्रात तापलेले पिक्सेल बरेच येतात आणि प्रणाली त्यांनाच तारे समजून चौकोन जुळवत बसते. त्याच तापमानाचे डार्क चित्र, म्हणजे झाकण लावून घेतलेले चित्र, वजा केले की हा गोंधळ मिटतो.

फेब्रुवारीनंतर शेतकरी राब भाजतात. तो धूर संध्याकाळी खाली बसतो व क्षितिजाजवळचे मंद तारे गिळतो. पश्चिमेला बोटींच्या दिव्यांचा उजेड असतो. अशा वेळी पहिले सॉल्व्ह पन्नास अंशांपेक्षा उंच भागात करून माउंट जुळवून घ्यावा व मगच खालच्या लक्ष्याकडे जावे.

आकडे : चित्राचे प्रमाण काढण्याचे सूत्र असे : पिक्सेलचा आकार मायक्रोमीटरमध्ये घेऊन त्याला २०६.२६५ ने गुणावे व मिलिमीटरमधील नाभीय अंतराने भागावे. ३.७६ मायक्रोमीटरचे पिक्सेल आणि ४०० मिलिमीटरची दुर्बीण असेल, तर पिक्सेलमागे १.९४ विकला येतात. तिलाच ०.८ चा रिड्यूसर (नाभीय अंतर कमी करणारे भिंग) लावला की नाभीय अंतर ३२० होते आणि प्रमाण २.४२. रिड्यूसर लावला, पण प्रणालीत ४०० च राहिले, ही सर्वांत नेहमीची चूक. बिनिंग (शेजारचे पिक्सेल एकत्र करणे) दुप्पट केले की प्रमाणही दुप्पट होते, तेही विसरले जाते. दुर्बिणीवर छापलेले नाभीय अंतर नेमके असतेच असे नाही. म्हणून एकदा चांगल्या चित्राचे अंध सॉल्व्ह, म्हणजे कुठलाही अंदाज न देता केलेले सॉल्व्ह, करून निघालेले अंतरच कायमचे नोंदवून ठेवावे.

अंदाज देऊन केलेले सॉल्व्ह आसपासचेच आकाश शोधते, त्यामुळे माउंटची वेळ व स्थान चुकले की तेही फसते. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. कुठे नुसते ५ भरले गेले, तर अर्ध्या तासाची चूक म्हणजे विषुवांशात साडेसात अंश. रेखांशही पूर्वच हवा. रत्नागिरी ७३.३ अंश पूर्वेला आहे, पश्चिमेला नव्हे. शोधाची त्रिज्या वाढवून प्रश्न तात्पुरता सुटतो, पण चूक तिथेच राहते आणि दुसऱ्या रात्री पुन्हा भेटते.

तारासूची आपल्या दृष्टिक्षेत्राला साजेशी हवी. ॲस्ट्रोमेट्री डॉट नेटसाठी चित्राच्या रुंदीच्या १० ते १०० टक्के आकाराचे चौकोन असलेल्या फाइली लागतात. लांब नाभीय अंतराला, म्हणजे अरुंद क्षेत्राला, दाट सूची लागते. या फाइली घरीच उतरवून घ्याव्यात. बऱ्याच सड्यांवर मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे इंटरनेटवर चालणारे सॉल्व्ह तिथे उपयोगाचे नाही.

एक अडचण वेगळीच. सॉल्व्ह यशस्वी होते, तरी लक्ष्य मध्यावर येतच नाही. माउंट आणि प्रणाली वेगवेगळे संदर्भवर्ष (ज्या वर्षासाठी ताऱ्यांचे निर्देशांक दिलेले असतात ते) धरून बोलत आहेत, असे तेव्हा समजावे. पंचांगातील अयनांश ज्या अयनचलनामुळे वाढतो, तेच इथेही आडवे येते. ते वर्षाला सुमारे ५० विकला आहे. २००० सालचे निर्देशांक २०२५ मध्ये तसेच वापरले, तर सुमारे २१ कलांचा (एक कला म्हणजे ६० विकला) फरक पडतो. पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या दोन तृतीयांश एवढा. रुंद क्षेत्रात तो खपून जातो, २००० मिलिमीटरच्या दुर्बिणीत लक्ष्यच चौकटीबाहेर जाऊ शकते. दोन्हीकडे एकच संदर्भवर्ष निवडावे.

काही लक्ष्ये स्वभावतःच कठीण. नरतुरंगातील ओमेगा हा गोलाकार तारकागुच्छ कोकणातून चांगला दिसतो. मालवणहून तो सुमारे २६ अंशांपर्यंत चढतो. पण गुच्छाच्या गाभ्यात तारे एकमेकांत मिसळतात आणि प्रणालीला सुटे टिपके मिळत नाहीत. तेव्हा शेजारच्या साध्या क्षेत्रात सॉल्व्ह करून तिथून सरकावे.

इतके करूनही मुख्य कॅमेऱ्याचे चित्र सुटत नसेल, तर गाइड दुर्बिणीच्या (माउंटचा मागोवा अचूक ठेवण्यासाठी जोडलेल्या छोट्या दुर्बिणीच्या) कॅमेऱ्याने सॉल्व्ह करावे. तिचे नाभीय अंतर सहसा कमी असल्याने क्षेत्र मोठे मिळते आणि पुरेसे तारे सापडतात. फसलेले चित्र मात्र पुसून टाकू नये, फिट्स (खगोलचित्रांच्या फाइलींचे प्रचलित स्वरूप) या मूळ स्वरूपात जपून ठेवावे. घरी रेंजमध्ये आल्यावर तेच चित्र अंध सॉल्व्हला द्यावे. ते सुटले तर सड्यावर भरलेले आकडे चुकीचे होते, आणि तिथेही सुटले नाही तर चित्रच तपासायला हवे.