एचआयव्ही : संयुक्त औषधोपचारांची तुलना

एचआयव्हीसोबत जगणाऱ्या माणसाला दोन किंवा तीन औषधं एकत्र दिली जातात, हल्ली बहुतेक वेळा एकाच गोळीत. यातली कुठली जोडणी दुसरीपेक्षा बरी हे कसं ठरवतात आणि त्यातून आजवर काय हाती लागलं, याबद्दलची ही नोंद.

औषधं एकत्र देण्याची कल्पना एचआयव्हीत कुठून आली याबद्दल दोन मतं दिसतात. एक मत कॅन्सरच्या केमोथेरपीकडे बोट दाखवतं, दुसरं क्षयरोगाकडे. क्षयरोगात एकटं स्ट्रेप्टोमायसिन दिलं की काही महिन्यांत जंतू त्याला जुमानेनासे होतात हे १९४०च्या दशकाच्या शेवटी कळलं होतं, आणि जोडीला पीएएस हे क्षयाचं दुसरं औषध दिलं की हा प्रकार बराच कमी होतो हे ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९५०मध्ये दाखवलं. हे दुसरं मत जास्त पटण्यासारखं आहे, कारण एझेडटी या एचआयव्हीवरच्या पहिल्या औषधाच्या बाबतीतही तेच झालं. १९८७मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली आणि १९८९पर्यंत रेझिस्टन्सचे, म्हणजे विषाणू औषधाला जुमानत नसल्याचे, रिपोर्ट यायला लागले. पुढे काँकॉर्ड नावाच्या ट्रायलमध्ये (माणसांवरच्या औषधचाचणीत), लक्षणं नसलेल्यांना एझेडटी लगेच दिलं काय नि उशिरा दिलं काय, सुमारे तीन वर्षांनी जगण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. एकट्या औषधावरचा भरवसा तिथे बराच उडाला.

संयुक्त उपचारांचं युग जुलै १९९६मध्ये व्हँकुव्हरला भरलेल्या आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेपासून सुरू झालं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण एझेडटीसोबत डीडीआय किंवा डीडीसी हे तशाच प्रकारचं औषध दिलं तर एकट्या एझेडटीपेक्षा माणसं जास्त जगतात, हे डेल्टा आणि एसीटीजी १७५ या दोन मोठ्या ट्रायल्सनी सप्टेंबर १९९५च्या सुमारासच दाखवलं होतं, त्यामुळे तुलनेचा इतिहास लिहायचा तर सुरुवात तिथून धरणं जास्त योग्य. व्हँकुव्हरला पुढे आली ती तीन औषधांची, प्रोटीएज इनहिबिटर (विषाणूचं प्रोटीएज हे एन्झाइम रोखणारं औषध) असलेली जोडणी. तिचा पक्का पुरावा १९९७मध्ये एसीटीजी ३२०ने दिला. सीडी४ पेशी (एचआयव्ही ज्या नष्ट करतो त्या प्रतिकारपेशी) रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये २०० किंवा त्याहून कमी असलेले ११५६ जण, दोन औषधं विरुद्ध त्यांच्यासोबत इंडिनाव्हिर हे प्रोटीएज इनहिबिटर, आणि एड्स किंवा मृत्यूचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं. ट्रायल मुदतीआधीच थांबवली, कारण फरक दिसल्यावर दोन औषधांच्या गटाला तसंच ठेवणं बरोबर नव्हतं.

या यशामुळे मोजमापच बदलावं लागलं. मृत्यू इतके कमी झाले की दोन जोडण्यांमध्ये मृत्यूंचा फरक शोधायला प्रचंड मोठी ट्रायल लागली असती, म्हणून रक्तातल्या व्हायरल लोडवर, म्हणजे विषाणूच्या प्रमाणावर, भर आला. आता नेहमीचा प्रश्न असतो की ४८ आठवड्यांनी किती जणांचा लोड मिलिलिटरमागे ५० प्रतींच्या खाली आहे. आणि नवी जोडणी सरस आहे हे सिद्ध करण्याऐवजी ती जुनीपेक्षा ठरावीक मर्यादेहून वाईट नाही एवढंच दाखवतात, ही मर्यादा बरेचदा १० टक्के धरतात. हा आकडा माणसांनीच ठरवलेला आहे, निसर्गातून आलेला नाही, हे वाचताना विसरायला नको. दुसरी गोष्ट म्हणजे ज्याने साइड इफेक्टमुळे औषध सोडलं किंवा जो ४८व्या आठवड्याच्या तपासणीला आलाच नाही त्याला यशात धरत नाहीत, मग शेवटच्या तपासणीत त्याचा व्हायरस दबलेला का असेना.

याचं चांगलं उदाहरण म्हणजे २०१३ची ‘सिंगल’ नावाची ट्रायल. ८३३ जण, एका गटाला डोल्युटेग्राव्हिर या नव्या औषधासोबत अबाकाव्हिर-लॅमिव्ह्युडिन ही दोन औषधं, दुसऱ्याला एफाव्हिरेंझ हे जुनं औषध असलेली एकत्रित गोळी, आणि निकाल ८८ विरुद्ध ८१ टक्के. नुसते आकडे पाहिले तर पहिली जोडणी व्हायरसवर जास्त भारी पडते असं वाटतं, पण साइड इफेक्टमुळे औषध सोडणारे डोल्युटेग्राव्हिरच्या बाजूला २ आणि एफाव्हिरेंझच्या बाजूला १० टक्के होते, म्हणजे फरकाचा मोठा भाग तिथूनच आला. चक्कर, विचित्र स्वप्नं, झोपेचा खेळखंडोबा हे एफाव्हिरेंझ घेणाऱ्यांच्या नेहमीच्या तक्रारी. जन्मभर रोज गोळी घ्यायची आहे त्याच्यासाठी ही किरकोळ बाब नाही, आणि माझ्या मते अशा तुलनेत हीच बाजू आधी वाचावी.

वजनाचा वाद अजून मिटलेला नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या ॲडव्हान्स ट्रायलमध्ये डोल्युटेग्राव्हिरसोबत टीएएफ (टेनोफोव्हिर या औषधाचं नवं रूप) घेणाऱ्यांचं वजन ४८ आठवड्यांत सरासरी ६ किलोच्या आसपास वाढलं, टीडीएफ (त्याचंच जुनं रूप) घेणाऱ्यांचं ३ किलो, एफाव्हिरेंझवाल्यांचं त्याहून कमी, आणि बायकांमध्ये वाढ जास्त होती. डोल्युटेग्राव्हिर वजन वाढवतं असं काही जण म्हणतात. पण एफाव्हिरेंझ ज्यांच्या शरीरातून सावकाश बाहेर पडतं अशांचं वजन कमी वाढलं, शिवाय टीडीएफही वजन रोखतं असं एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांच्या अभ्यासांत दिसलंय, त्यामुळे फरकाचा निदान काही भाग जुन्या औषधांनी वजन दाबून ठेवल्याने दिसतो असं मानणं जास्त सयुक्तिक. कारण काहीही असो, घेणाऱ्याला रोजच्या आयुष्यात जाणवतात ते मात्र ते सहा किलोच.

तीनाऐवजी दोन औषधं पुरतात का, तर जेमिनी ट्रायल्समध्ये डोल्युटेग्राव्हिर-लॅमिव्ह्युडिनला ९१ आणि तीन औषधांना ९३ टक्के यश मिळालं, म्हणजे पुरतात, पण अंगात हेपेटायटिस बी असेल तर ही जोडणी एकटी चालत नाही. कॅबोटेग्राव्हिर-रिल्पिव्हिरिनचं इंजेक्शन दर महिन्याला किंवा दोन महिन्यांनी घेता येतं आणि रोजच्या गोळ्यांच्या तुलनेत ते कमी पडलं नाही.

गरोदर बायका अशा ट्रायल्समधून बहुधा वगळल्या जात. २०१८मध्ये बोट्सवानातल्या नोंदींवरून डोल्युटेग्राव्हिरमुळे बाळाच्या मज्जारज्जूत दोष येतो की काय अशी शंका आली, जास्त प्रसूतींच्या नोंदी जमल्यावर ती मागे पडली, आणि २०१९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्यांसाठी याच औषधाला पहिली पसंती दिली. मुलांमधला भक्कम पुरावा त्याहून उशिरा आला, २०२१च्या ओडिसी ट्रायलमधून : ९६ आठवड्यांत उपचार फसण्याचं प्रमाण डोल्युटेग्राव्हिरवर सुमारे १४ टक्के, आधीच्या औषधांवर २२.