ताकाएझू, तोशिको

(१७ जून १९२२ – ९ मार्च २०११). जपानी वंशाच्या अमेरिकन मृत्तिकाशिल्पकार. भांड्याचे तोंड जवळजवळ पूर्ण मिटवून घडवलेल्या ‘बंद रूपां’साठी त्या ओळखल्या जातात.

जन्म हवाई बेटांवरील पेपेएकेओ येथे, ओकिनावाहून आलेल्या कुटुंबात. अकरा भावंडांत त्या सहाव्या. होनोलुलूत साच्यात माती दाबून वस्तू बनवण्यापासून त्यांच्या कामाची सुरुवात झाली. हवाई विद्यापीठात क्लॉड होरान यांच्याकडे शिकून १९५१ मध्ये त्या मिशिगनमधील क्रॅनब्रुक कला अकादमीत गेल्या. तेथे त्यांना माइया ग्रोटेल या फिनलंडहून आलेल्या गुरू लाभल्या. विद्यार्थ्याने आपली वाट आपणच शोधावी, यावर ग्रोटेल यांचा कटाक्ष होता आणि ताकाएझूंनी तो आयुष्यभर पाळला. १९५५ मध्ये त्या जपानला गेल्या. तेथे त्यांनी चहाविधी व झेन साधना जवळून अनुभवली, शोजी हामादांसारख्या कुंभारांची भेट घेतली.

परतल्यावर क्लीव्हलंड येथे शिकवत असताना त्यांच्या भांड्यांची तोंडे अरुंद होत गेली आणि अखेर मिटली. वर राहिले ते सुईच्या टोकाएवढे छिद्र, तेही भट्टीत तापलेली हवा व वाफ बाहेर पडावी म्हणून. आता त्यात पाणी भरता येत नव्हते, फूल ठेवता येत नव्हते. उपयोग संपला, पण भांडेपण मात्र टिकले. आत कोंडलेला, कोणालाही न दिसणारा काळोख हाच भांड्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग, असे त्या मानत. त्यांचे सारे काम या एका श्रद्धेवर उभे आहे.

तोंड मिटण्याआधी त्या कित्येकदा कागदात गुंडाळलेला मातीचा तुकडा आत टाकत. भाजताना कागद जळून जाई, तुकडा सुटा होई आणि भांडे हलवले की वाजे. बाहेरचा अखंड पृष्ठभाग चित्राच्या कापडासारखा मोकळा मिळे. मोठ्या भांड्याभोवती फिरत त्या झिलई (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) ओतत, कुंचल्याने फटकारे मारत. त्यामुळे ही चित्रे एका जागी उभे राहून पुरी दिसत नाहीत, पाहणाऱ्यालाही फिरावेच लागते. रंग शेवटी कसे उतरतील, हे त्या भट्टीवर सोपवत.

गोल ‘चंद्र’ भांडी त्यांनी जाळीच्या झोळ्यांत टांगली. हवाईतील किलाउएआ इकी या ज्वालामुखी विवराच्या १९५९ च्या उद्रेकात होरपळलेल्या झाडांवरून त्यांना उंच, खोडासारखी शिल्पे सुचली. ‘स्टार’ मालिकेतील रूपे तर माणसाच्या उंचीची आहेत. त्याच काळात अमेरिकन मृत्तिकाशिल्पकार पीटर व्हूल्कस माती फाडून, भोसकून अमेरिकन मृत्तिकाकलेची चौकट मोडत होते. त्यांच्या दणक्याची चर्चा अधिक झाली, पण ताकाएझूंचा बदल तितकाच मूलगामी होता.

१९६७ ते १९९२ या काळात त्यांनी प्रिन्स्टन विद्यापीठात अध्यापन केले. न्यू जर्सीतील क्वेकरटाउनच्या घरी शिकाऊ विद्यार्थी राहत. तेथे मातीकामाबरोबर बागकाम आणि स्वयंपाकही शिक्षणाचाच भाग असे, कारण या तिन्हींत त्या फरक करत नसत. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात मृत्यू पावलेल्या प्रिन्स्टनच्या माजी विद्यार्थ्यांच्या स्मृत्यर्थ विद्यापीठाच्या आवारात त्यांनी घडवलेली कांस्य घंटा आहे.

संग्रहालयात ही भांडी हाताळता येत नाहीत, त्यामुळे त्यांचा निम्मा अनुभव हरवतो. न्यूयॉर्कच्या नोगुची संग्रहालयाने २०२४ मध्ये भरवलेल्या सिंहावलोकन प्रदर्शनात म्हणूनच संगीतकार लेइलेहुआ लान्झिलोट्टी यांच्या साहाय्याने भांड्यांच्या नादालाही स्थान दिले होते.